बोलपट ते होम थिएटर : मध्यम ऐपतीच्या घरातील ध्वनियंत्राची निवड

१. विषयाची मांडणी

यंत्रांचा इतिहास लिहिताना ती कोणी शोधली, केव्हा व कोठे तयार झाली, ह्या गोष्टींकडे सामान्यतः लक्ष दिले जाते. ती विकत घेणाऱ्याने कोणता विचार करून घेतली, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. धनिकाला निवडीची फारशी चिंता नसते, कारण एक यंत्र पसंत पडले नाही तर तो दुसरे घेऊ शकतो; आणि ज्याच्या हाती पैसाच नाही त्याला निवडीची संधी मिळत नाही. निवडीचा इतिहास हा खरोखर मध्यम ऐपतीच्या घराचा इतिहास होय. अशा घरात वस्तू एकदा घेतली जाते आणि ती दहा-पंधरा वर्षे चालावी अशी अपेक्षा असते.

घरात ऐकावयाच्या ध्वनियंत्रांच्या निवडीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, आणि तो महागावसारख्या गावाच्या दृष्टीने करावयाचा आहे. महागाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, पैनगंगेच्या खोऱ्यातील, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. एकेकाळी नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य होते. येथे घरोघरी वऱ्हाडी, तांड्यांवर गोरमाटी, शाळेत व कचेरीत प्रमाण मराठी आणि पडद्यावर पुष्कळदा हिंदी, असा भाषाव्यवहार आढळतो. कापूस-सोयाबीनच्या पैशातून किंवा महिन्याच्या पगारातून घेतलेल्या यंत्राला ह्या सर्व बोली स्पष्टपणे ऐकवाव्या लागतात.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : ध्वनियंत्राला लोक जे नाव देतात त्यात त्यांचा निवडीचा निकष साठलेला असतो. मराठीत ही नावे प्रथम बोलण्याशी व ऐकण्याशी जोडलेली होती. पुढे ती पेटीशी व ठोक्याशी जोडली गेली. नावाबरोबर निकषही बदलला, आणि ह्या बदलाची किंमत घरातील काही श्रोत्यांना, विशेषतः वृद्धांना, मोजावी लागत आहे.

२. फोनो आणि तबकडी

एडिसनने १८७७ मध्ये ध्वनी नोंदविण्याचे यंत्र सिद्ध केले आणि बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीची पद्धत शोधली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीतर्फे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आले व त्यांनी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळच्या मुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे, आवाजाच्या दाबाने पडदा हलावयाचा आणि त्या हालचालीने मेणावर रेघ उमटावयाची, असा तो प्रकार होता. ह्या रीतीने सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी नीट उमटत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्याचा अर्थ तत्काळ कळेल. स्वर ऐकू येत. सकारासारखी घर्षक व्यंजने जवळजवळ नाहीशी होत. गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने उच्चारण्याची प्रथा त्या वेळी पडली. परदेशी कारखान्यात तबकडीला नावाची चिठ्ठी चिकटविणाऱ्याची सोय व्हावी, हा तिचा हेतू होता. ऐकणाऱ्याला उच्चार ओळखता आला पाहिजे, ही अट यंत्राच्या जन्मापासूनच त्याला लागलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही. १९२५ पासून विद्युत्-मुद्रण आले आणि पट्टा रुंदावला.

मराठीत ह्या यंत्राला फोनो हे सुटसुटीत नाव पडले, तिच्यावरील वर्तुळाला तबकडी म्हणू लागले आणि ग्रांथिक भाषेत ध्वनिमुद्रिका हा शब्द रुजला. कर्णा हा शब्द विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. कर्णा हे जुने रणवाद्य. शब्द फारसीतून आलेला. परंतु संस्कृत कर्ण म्हणजे कान, हे साम्य मराठी माणसाच्या मनात सहजच जागे होते. तोंडाने फुंकावयाच्या वाद्याचे नाव कानासाठी असलेल्या यंत्राला लागले, ते लोकांच्या ह्या व्युत्पत्तिकल्पनेमुळे अधिक पक्के झाले असावे.

फोनोची निवड करताना ग्राहकापुढे मोजकेच प्रश्न होते. कर्णा बाहेर असलेले यंत्र घ्यावे की पेटीसारखे बंद करून नेता येईल असे घ्यावे? चावी किती काळ पुरते? सुई जाड वापरावी की बारीक? जाड सुईने आवाज मोठा येई, बारीक सुईने मंद पण तबकडीला सोसवेल असा येई. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी लागे. म्हणजे यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या रोजच्या खर्चाचाही हिशेब करावा लागे. मध्यम ऐपतीच्या घराने ध्वनियंत्राविषयी शिकलेला हा पहिला धडा होय.

३. नभोवाणी : दूरच्या गावाची निवड

मुंबईचे प्रसारणकेंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. विदर्भाला मात्र स्वतःचे केंद्र मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नागपूर केंद्र सुरू झाले. महागाव नागपूरपासून रस्त्याने दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मध्यम लहरींचा दिवसाचा प्रवास जमिनीलगत होतो व अंतराबरोबर त्या क्षीण होतात. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत येतात व दूरची केंद्रे लागू लागतात. अशा ठिकाणी संच निवडताना लाकडी पेटीच्या देखणेपणापेक्षा त्यात लघुलहरींचा पट्टा आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होते. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटविली गेल्यानंतर देशभरचे श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोनकडे वळले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, ती ह्या श्रोत्यांना परत आणण्यासाठीच.

दुसरा प्रश्न विजेचा. जेथे वीज पोहोचली नव्हती तेथे नळ्यांचा रेडिओ कोरड्या बॅटरीवर चालवावा लागे. ह्या बॅटरीत नळ्यांच्या तंतूसाठी दीड व्होल्टचा आणि मुख्य मंडलासाठी नव्वद व्होल्टचा, असे दोन भाग असत. ती संपली की नवी आणावयाची. शिवाय टपालकचेरीतून दरवर्षी परवाना काढावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. छपरावर एरियलची तार आणि अंगणात अर्थिंगची तार, हे तिसरे अंग. चांगला संच आणून एरियल आखूड ठेवले तर खर्च वाया जाई. साध्या संचाला उंच व लांब तार दिली तर तो बोलू लागे. यंत्राइतकेच त्याच्या भोवतालाकडे लक्ष दिले पाहिजे, हा येथला धडा पुढे खोलीचा विचार करताना पुन्हा उपयोगी पडेल.

मध्यम लहरींच्या प्रसारणातून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनीच श्रोत्यापर्यंत पोहोचतात. गाण्यातील झंकार त्यात कमी होतो. पण बोलणे समजते. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा जो प्रयोग केला तो ह्याच गुणावर उभा होता. मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत लोक एका संचाभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. ऐकलेले समजले नाही तर चर्चा होऊच शकत नाही. ह्या काळातील मराठी शब्द पाहा : नभोवाणी, आकाशवाणी, श्रुतिका, नभोनाट्य. वाणी आणि श्रुती, बोलणे आणि ऐकणे, हीच त्यांची मुळे आहेत.

४. बोलपट

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' दाखविण्यात आला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलला. मराठीने ह्या नव्या कलेला बोलपट म्हटले आणि मागे पडलेल्या कलेला मूकपट. ही जोडी अत्यंत अर्थपूर्ण आहे. त्या चित्रांत संगीत भरपूर होते, तरी नाव मिळाले ते बोलण्यावरून. तंबूतील टूरिंग टॉकीजने हेच बोलपट खेडोपाडी नेले. तेथे एकच मोठा भोंगा पडद्यापाशी असे. सूक्ष्म नादाची अपेक्षा कोणी करीत नसे, पण संवाद कळला नाही तर प्रेक्षक गप्प बसत नसत.

संवादाचे हे महत्त्व पुढेही टिकले. १९७५ साली आलेल्या 'शोले' ह्या चित्राच्या गाण्यांबरोबर त्याच्या संवादांचीही ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती प्रचंड खपली. लोकांनी पैसे देऊन बोलणे विकत घेतले आणि घरी पुनःपुन्हा ऐकले, ही गोष्ट ध्वनियंत्रांच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे.

चित्रगृहाचा आवाज आणि घरातला आवाज ह्यांची फारकत कोठे झाली हे पाहिल्याशिवाय आजच्या निवडीचा प्रश्न उलगडत नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनला ऐकविला. त्यासाठी त्यांनी डावा, मधला व उजवा असे तीन मार्ग वापरले. श्रोते पुष्कळ असतील व रुंद जागेत बसणार असतील तर मधला मार्ग आवश्यक ठरतो. केवळ डावा व उजवा स्पीकर असेल तर बोलणारा मध्यभागी उभा आहे असा भास नेमका मधोमध बसलेल्यालाच होतो. बाजूला सरकलेल्याला आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखा वाटतो. १९५३ मध्ये आलेल्या सिनेमास्कोपने चित्रगृहात मधला मार्ग पक्का केला व संवाद तेथेच ठेवले. घरात मात्र १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकडी रूढ झाली ती दोनच मार्गांची. कारण तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात. तबकडीच्या घडणीतील ही मर्यादा आपण घरगुती ऐकण्याचा नियम मानून बसलो.

५. टेप, डेक, बॉक्स

१९६३ मध्ये फिलिप्सने लहान कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात तिचा प्रसार एवढा झाला की भजन, कीर्तन, भीमगीते, लोकगीते ही मोठ्या कंपन्यांच्या मेहरबानीवाचून घरोघरी पोहोचली. ट्रान्झिस्टरमुळे बॅटरीचा खर्च आधीच आटोक्यात आला होता. टेप लावणे हा वाक्प्रचार ह्याच काळात बोलीत शिरला, आणि तेच तेच बोलत राहणाऱ्या माणसालाही तो लागू झाला.

१९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. १९८० च्या दशकात लहान प्रक्षेपकांमुळे ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. पेटीच्या पाठीमागे जाड काचनळी असल्याने तिच्यात स्पीकरलाही जागा पुरेशी मिळे. त्याच वेळी तरुण मंडळी डेक आणि त्याला जोडलेले दोन मोठे लाकडी बॉक्स ह्यांच्या मागे लागली. येथे शब्दांची दिशा बदललेली दिसते. बॉक्स, डेक, सिस्टम, वूफर ही नावे ऐकण्याची क्रिया सांगत नाहीत. ती वस्तू सांगतात. वूफर हे तर संपूर्ण यंत्रातील एका भागाचे नाव. पण बोलण्यात ते सगळ्या यंत्राला लागते. अंगावरून अंगीचा बोध करून देण्याची ही लक्षणा आहे. कोणते अंग निवडले गेले ते मात्र पाहिले पाहिजे : निवडले गेले ते ठोका देणारे अंग, बोलणारे नव्हे.

६. होम थिएटर : शब्द आणि वस्तू

घराला चित्रगृहाचा ध्वनी देण्याचा प्रयत्न १९७० च्या दशकातील डॉल्बी स्टिरिओपासून सुरू होतो. चार मार्गांचा ध्वनी दोन मार्गांत गुंफून चित्रफितीवर बसविण्याची ती युक्ती होती. १९८२ मध्ये घरासाठी जो उलगडक आला त्यात मधला मार्ग नव्हता. १९८७ च्या प्रोलॉजिक पद्धतीत तो आला. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल चित्रगृहात आले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडीबरोबर ते घरात शिरले. पाच दशांश एक ही संज्ञा त्याच पद्धतीची : पुढे डावा, मधला व उजवा, मागे दोन, आणि दशांश एक म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचे अतिमंद्र ध्वनी वाहणारा मर्यादित मार्ग. डोक्यावरून आवाज आणणारी ॲटमॉस पद्धत चित्रगृहात २०१२ मध्ये व घरात २०१४ मध्ये आली.

हा क्रम पाहिला म्हणजे ध्यानात येते की घरगुती यंत्राने जी मोठी गोष्ट मिळविली ती मागचे आवाज नव्हे. तबकडीने गमावलेला मधला मार्ग परत मिळाला, ही होय. परंतु आपल्या बाजारात होम थिएटर ह्या शब्दाचा अर्थ वेगळ्याच रीतीने विस्तारला. एक जाड डबा आणि चार-पाच हलक्या डब्या एकत्र मिळाल्या की त्यांना होम थिएटर म्हणतात. त्यात येणारा ध्वनी खरोखर पाच मार्गांचा आहे की दोन मार्गांचाच पाच ठिकाणी वाटला आहे, हे विचारले जात नाही. दूरदर्शनच्या विनामूल्य सेवेवरील बहुतेक वाहिन्यांचा ध्वनी दोनच मार्गांचा असतो. तो पाच डब्यांतून आला म्हणून पाच मार्गांचा होत नाही.

वॅटच्या आकड्याचेही तसेच. पीएमपीओ ह्या नावाने जे हजारोंचे आकडे छापले जातात त्यांना कोणतेही सर्वमान्य मापन नाही. आरएमएस म्हणून दिलेला, सतत देता येणारा आकडाच काही सांगतो; आणि तोही थोडेच सांगतो. समजा, एका स्पीकरला एक वॅट दिल्यास एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. अडीच मीटरवर तो मोकळ्या जागेत सुमारे ७९ डेसिबल राहील. घरातील संवाद ६५ ते ७० डेसिबलला सुखाने ऐकू येतात. म्हणजे संवादाला सरासरीने वॅटचा दशांशही पुरतो. धमाक्याच्या क्षणासाठी राखीव शक्ती हवी हे खरे, पण आवाज कानाला दुप्पट भासावयाचा तर दहापट शक्ती लागते. पन्नासचे शंभर वॅट केल्याने केवळ तीन डेसिबल वाढतात. त्या तीन डेसिबलसाठी मध्यम ऐपतीच्या घराने अधिक पैसे द्यावेत काय, हा प्रश्न आहे.

७. व्यंजनांचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. संवाद ऐकू येतो पण कळत नाही, ही आजची सार्वत्रिक तक्रार आहे. तिचे कारण ध्वनिशास्त्रात सापडते. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर साधारण शंभर ते सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि स्त्रीचा सुमारे दोनशे. स्वरांची ओळख पटविणारे घटक तीन हजार हर्ट्झच्या आत येतात. आवाजाचे बळ ह्या खालच्या भागात असते; परंतु अर्थभेद करणारी अनेक व्यंजने दुर्बळ असतात व वरच्या भागात राहतात. सकाराचे घर्षण मुख्यतः चार हजार हर्ट्झच्या वर, तर शकाराचे त्याच्या काहीसे खाली असते. साल आणि शाल, ताट आणि थाट, पळ आणि फळ, कण आणि खण ह्या जोड्या अशा क्षणिक, बारीक ध्वनींवर उभ्या आहेत. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगण्याची आज्ञा, ह्यांतला भेद तर लिपीही दाखवीत नाही. तो केवळ जकाराच्या घर्षणात असतो.

वय वाढते तशी श्रवणशक्ती प्रथम वरच्या पट्ट्यात उणावते. त्यामुळे वृद्ध श्रोत्याला बोलणे चालू आहे हे कळते, पण शब्द सुटतात. अशा वेळी घरातील कोणीतरी आवाज वाढवितो; त्याबरोबर मंद्र ध्वनीही वाढतात आणि व्यंजने अधिकच झाकली जातात. म्हाताऱ्या माणसाने दोनदा काय म्हणाला म्हणून विचारले, तिसऱ्यांदा तो विचारीत नाही. तो पडद्यासमोर बसून राहतो. परंतु श्रोता राहत नाही.

महागावसारख्या बहुभाषिक ठिकाणी हा प्रश्न आणखी तीव्र होतो. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील ळकार अनेक शब्दांत यकार होतो. डोळा तेथे डोया असतो. गोरमाटी ज्याची मातृभाषा आहे त्याला पडद्यावरील प्रमाण मराठी किंवा हिंदी ही दुसरी, तिसरी भाषा असते. मातृभाषेत सुटलेला शब्द आपण संदर्भाने भरून काढतो. दुसऱ्या भाषेत हे भरून काढणे अवघड जाते, आणि गोंगाट किंवा घुमारा असला तर फारच अवघड. म्हणून शहरातील हिंदीभाषक तरुणाला जे यंत्र पुरेसे वाटेल ते येथील आजीला पुरेसे ठरेलच असे नाही.

८. खोली

यंत्र ज्या खोलीत ठेवावयाचे तिचाही इतिहास बदलला आहे. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन व वर कवेलू असलेल्या जुन्या घरात आवाज फारसा घुमत नसे. गिलावा केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी व सिमेंटचा स्लॅब असलेल्या नव्या घरात तो भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो.

ह्या घुमाऱ्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन ह्यांनी १८९५ पासूनच्या प्रयोगांनी बसविले. तेथील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे व व्याख्यान कळेनासे होई. सॅबिन ह्यांनी शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमारा किती घटतो हे मोजले. त्यांच्या सूत्राने आपल्याकडील खोलीचा हिशेब करून पाहता येतो. बारा बाय दहाची व दहा फूट उंचीची खोली घेतल्यास तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर व सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरसमीटर भरते. कठीण पृष्ठे आवाजाचा शेकडा तीन भाग शोषतात असे धरल्यास रिकाम्या खोलीत घुमारा जवळजवळ तीन सेकंदांच्या घरात जातो. दोन गाद्या, एक जाड पडदा आणि चार-पाच माणसे आली की शोषण सुमारे पाच चौरसमीटरने वाढते, आणि घुमारा पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. भिंतीवर टांगलेली गोधडी येथे महागड्या यंत्राहून अधिक काम करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मंद्र ध्वनींना मात्र गोधडी आवरीत नाही. वरील खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे ४८ आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ५७ हर्ट्झला आवाज फुगतो. रुंदी व उंची सारखी असल्याने दुसरा फुगवटा दुणावतो. वूफर कोपऱ्यात कोंबला तर हे दोन्ही फुगवटे वाढतात, आणि त्यांच्याखाली संवाद बुडतो.

९. निवडीचा क्रम

ह्या सर्व विवेचनातून मध्यम ऐपतीच्या घरासाठी एक क्रम निघतो. पहिला खर्च खोलीवर करावा. तो बहुधा नगण्य असतो. दुसरा व सर्वांत मोठा खर्च पुढच्या स्पीकरांवर करावा. हातातील रकमेचा निम्मा भाग त्यांनाच द्यावा. घरात एकदोघेच मधोमध बसून पाहणार असतील तर दोन चांगले स्पीकर व दोन मार्गांचा ॲम्प्लीफायर पुरेसा होतो. परंतु आपल्याकडे पाहणारी मंडळी भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतात. तेव्हा बेल प्रयोगशाळांचा निष्कर्ष लागू पडतो आणि मधला स्पीकर घ्यावा लागतो. तो डाव्या-उजव्यांच्याच घडणीचा असावा व पडद्यालगत, बसणाऱ्याच्या कानाच्या रोखाने ठेवावा. कपाटात कोंडू नये.

तिसरा खर्च रिसीव्हरवर. त्यात तीन सोयी पाहाव्यात : मधल्या मार्गाचा आवाज स्वतंत्रपणे वाढविता येणे, साधारण ८० हर्ट्झखालील ध्वनी वूफरकडे वळविता येणे, म्हणजे लहान स्पीकरांवरचा भार उतरतो, आणि रात्री मोठे आवाज दाबून हलके आवाज वर आणण्याची व्यवस्था असणे. चौथ्या क्रमांकावर वूफर, आणि शेवटी मागचे दोन स्पीकर. मागचे स्पीकर पुढच्या वर्षीच्या पिकावर घेतले तरी काही बिघडत नाही. ज्यांना तारांचा पसारा नको त्यांनी साउंडबार घ्यावा. पण त्यात संवादासाठी स्वतंत्र मधला मार्ग आहे काय, हे विचारूनच. बाजारात नेमका उलटा क्रम चालतो : प्रथम वूफर, मग डब्यांची संख्या, मग वॅट, आणि मधला स्पीकर सर्वांत लहान.

परीक्षा करावयाची तर धमाक्याच्या दृश्याने करू नये; त्या परीक्षेत सर्वच यंत्रे उत्तीर्ण होतात. वर दिलेल्या साल-शाल, ताट-थाट अशा दहा-बारा जोड्या घरातील माणसाच्या आवाजात मोबाईलवर मुद्रित कराव्यात. शब्द उलटसुलट क्रमाने असावेत. ते यंत्रावरून साध्या बोलण्याइतक्या आवाजात लावावेत आणि घरातील सर्वांत वयस्क श्रोत्याने पडद्याकडे पाठ करून ऐकलेला शब्द परत म्हणावा. दोन यंत्रांत ज्यावर अधिक शब्द बरोबर परत येतील ते घ्यावे. यवतमाळ किंवा नांदेडच्या दुकानात ही परीक्षा दहा मिनिटांत होते. घरपोच मागविलेल्या यंत्राची परत करण्याच्या मुदतीत होते. भाषेच्या अभ्यासात श्रवणक्षमता अशाच शब्दजोड्यांनी तपासतात, आणि तिला पैसा लागत नाही.

१०. उपसंहार

फोनोपासून होम थिएटरपर्यंतच्या शंभराहून अधिक वर्षांत यंत्राचा पट्टा २५०० हर्ट्झवरून माणसाच्या कानाच्या मर्यादेपर्यंत वाढला. पूर्वी व्यंजने हरवत ती यंत्राच्या दुबळेपणामुळे. आज ती हरवतात ती निवडीच्या क्रमामुळे. पहिली उणीव शास्त्रज्ञांनी दूर केली. दुसरी दूर करण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही; विकत घेणाऱ्याने आपला निकष बदलला की पुरे.

बोलपट हा शब्द आता जुना झाला आहे व तो पुन्हा प्रचारात यावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. शब्द लोकांच्या इच्छेने येतात व जातात. परंतु त्या शब्दात पूर्वीच्या श्रोत्यांनी जी अट घातली होती ती कालबाह्य झालेली नाही. पडद्यावरचे माणूस बोलले, तर ते घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे, एवढीच ती अट आहे. आणि मध्यम ऐपतीचे घर ती आजही पुरी करू शकते.